रोजची गोळी की सहा महिन्यांनी इंजेक्शन?
एचआयव्ही होऊच नये म्हणून जे प्रेप नावाचं औषध घेतात त्यातली रोजची गोळी नीट घेतली तर मस्त काम करते, पण घोडं अडतं ते रोज घेण्यातच, कारण घरात कुणी डबी बघितली तर काय ही भीती असते आणि मग डोस चुकतात. लेनाकापाविर हे प्रेपचं इंजेक्शन वर्षातून दोनदाच, पोटाच्या कातडीखाली टोचतात, सुरुवातीचे दोन दिवस गोळ्याही असतात, जागेवर गाठ येते ती रेंगाळते. २०२४ च्या दक्षिण आफ्रिका-युगांडातल्या ट्रायलमध्ये इंजेक्शनवाल्या २१३४ बायकांत एकही इन्फेक्शन नाही, रोजच्या गोळीवाल्यांत मात्र झाली, कारण बऱ्याच जणी गोळ्या नियमित घेतच नव्हत्या. म्हणजे गोळी फालतू नाहीये हं! आणि इंजेक्शनचीही पुढची तारीख चुकवून चालत नाही, औषध अंगात हळूहळू कमी होत राहतं, तेव्हाच लागण झाली तर रेझिस्टन्सचा, म्हणजे विषाणू औषधाला दाद न देण्याचा धोका. एचआयव्हीची टेस्ट दोन्हीकडे लागतेच. मला विचाराल तर विसराळू माणसाने इंजेक्शनच घ्यावं.