पॅकेज दहावीपर्यंतचं, पुस्तकं सातवीपर्यंतचीच

मुलांना घरी शिकवायचा विचार असेल आणि कुणी 'पहिली ते दहावी संपूर्ण अभ्यासक्रम' म्हणून खोकं विकत असेल, तर पैसे देण्याआधी त्याच्याकडे नववीचं गणिताचं पुस्तक मागा. पहिलीचं सगळ्यांकडे असतं आणि छानच असतं. नववीचं हातात घेऊन चाळा. माहितीपत्रकातलं त्याचं चित्र बघून समाधान मानू नका. आमचे ८६,४०० रुपये यात अडकलेत, त्यातले हप्ते अजून चालू आहेत, म्हणून हे लिहितेय.

आमचा सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मचा छोटा कारखाना आहे. दुसऱ्यांच्या पोरांचे गणवेश शिवायचे आणि आपल्या पोरीला शाळेत पाठवायचं नाही, यावर नातेवाइकांनी भरपूर तोंडसुख घेतलं. पण मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमची मशीनंही बंद पडली होती. गणवेश कोण घेणार? ऑनलाइन वर्गाची फी मात्र पूर्ण मागत होते, आणि लेक मोबाइलसमोर बसून रडायची. मग मीच शिकवायला लागले आणि तिला ते मानवलं. शाळा उघडल्यावरही आम्ही तिला परत पाठवलं नाही.

२०२१ मध्ये घरी शिकवायचा अभ्यासक्रम खोक्यांत विकणाऱ्या एका कंपनीचं चौथीचं खोकं मागवलं. आता राग आहे म्हणून खोटं बोलणार नाही, ते खोकं उत्तम होतं. चुंबकं, भिंग, अपूर्णांकांच्या रंगीत चकत्या, शिकवणाऱ्यासाठी वेगळं पुस्तक, सगळं होतं. पाचवीचंही तसंच. दोन्ही रोख घेतली, त्या त्या वर्षापुरती. फसवणूक पहिल्या दिवसापासून होत नसते. आधी विश्वास बसतो, मग त्या विश्वासाचे पैसे केले जातात.

२०२३ च्या उन्हाळ्यात सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांनी पालकांना बोलावलं. एसी, चहा, बिस्किटं, पडद्यावर व्हिडिओ. विकणारा मुलगा गोड बोलायचा. "ताई, सहावी ते दहावी एकदमच घेऊन टाका. पुढच्या वर्षी रेट वाढणार. हप्ता फक्त चोवीसशे, तोही छत्तीस महिने. दहावीपर्यंत तुम्हाला बघायला नको." टेबलावर सहावी-सातवीची पुस्तकं मांडली होती. आठवी, नववी आणि दहावीचे नुसते खोके होते, वर प्लास्टिक गुंडाळलेलं. आमच्या ह्यांनी एक खोका उचलून बघितला तर तो मुलगा घाईने म्हणाला, "साहेब, ते डिस्प्लेचे आहेत, सील तोडता येत नाही." खोका हलका होता, असं हे घरी येऊन म्हणाले. पण तोवर ओटीपी देऊन झाला होता.

ओटीपी कशाचा, ते समजून घ्या. आम्हाला वाटलं कंपनीच्याच हप्त्यांचा. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीचं कर्ज आमच्या नावावर झालं होतं. अभ्यासक्रमवाल्याला त्याचे पैसे मिळून गेले, आणि आम्ही तिसऱ्याच माणसाचे देणेकरी झालो. पुढची पुस्तकं द्यायची घाई त्याला कशाला असेल?

सातवीचं खोकं आलं तेव्हा खरं तर कळायला सुरुवात झाली होती. खोकं कसलं, पाकीटच. विज्ञानाच्या नावाखाली स्टेपल केलेल्या वर्कशीट्स. प्रयोगाचं साहित्य म्हणून एक फुगा आणि दोन स्ट्रॉ. गणिताच्या पुस्तकात पूर्णांक संख्यांच्या धड्याशेवटी चौकट होती : ऋण संख्यांचा गुणाकार पातळी ८ मध्ये पाहू. (पातळी ८ म्हणजे त्यांचं आठवीचं खोकं.) बीजगणिताच्या धड्याखाली तीच चौकट, कोनांच्या धड्याखालीही तीच. पोरगी विचारायची, "आई, पातळी आठ कधी येणार?" बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात पूर्णांकांच्या गुणाकार-भागाकारावर आख्खा धडा आहे. म्हणजे अवघड भाग पुढे ढकलायचा, आणि ज्या पुस्तकात ढकलला ते छापायचंच नाही.

जून २०२५ मध्ये आठवीचं खोकं यायला हवं होतं. आधी उत्तर आलं, "मॅडम, कंटेंट टीमचं काम चालू आहे." (हॉलमध्ये 'ताई' होते, फोनवर 'मॅडम' झाले.) मग गणपतीनंतर, मग दिवाळीनंतर. मध्येच सातवीचं 'रिव्हिजन मोड्यूल' फुकट देऊ केलं. त्यानंतर ८,००० रुपये जास्तीचे भरून 'ब्रिज कोर्स' घ्या म्हणाले, तो तर दुसऱ्याच कंपनीचा होता. शेवटी करार काढून बघितला. इंग्रजीत, बारीक अक्षरात, पुढच्या पातळ्यांचं साहित्य 'उपलब्धतेनुसार' दिलं जाईल असं वाक्य. आणि रद्द करायची मुदत खरेदीपासून पंधरा दिवसांची. आठवीचं पुस्तक नाही हे ज्याला दोन वर्षांनी कळणार, त्याला पंधरा दिवसांची मुदत!

"सही करण्याआधी वाचायचं होतं," असं सांगणारे भेटतातच. आमचे हे त्यावर म्हणतात, "शाळेकडून पाच साइजची ऑर्डर घेतली, पैसे घेतले, आणि तीन साइज देऊन हात वर केले, तर शाळा आम्हाला बिलातलं बारीक अक्षर वाचू देईल का?" माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात दहावी छापायची आणि करारात ती हळूच काढून घ्यायची, याला मी तरी फसवणूकच म्हणते.

असं का होतं, याचा मी नंतर बराच विचार केला. खालच्या इयत्तांचं साहित्य बनवायला सोपं, आणि गिऱ्हाईकही पुष्कळ. जसजशी मुलं मोठी होतात तसतसे पालक घाबरून शाळेकडे वळतात, गिऱ्हाईक कमी होतं. आणि वरच्या इयत्तांना तर प्रत्येक विषयाचा जाणकार लागतो, प्रयोगशाळा लागते, बोर्डाचा अभ्यासक्रम बदलला की सगळं नव्याने लिहावं लागतं. धंद्याच्या हिशोबाने ते परवडत नाही. परदेशातले कितीतरी होमस्कूल अभ्यासक्रमही सहावी नाहीतर आठवीला संपतात, पण त्यातले प्रामाणिक लोक तसं कव्हरवर छापतात. शिवाय अमेरिकेत बऱ्याच राज्यांत घरी शिकवणारे आईबापच शेवटी पोराला डिप्लोमा देऊ शकतात. आपल्याकडे अकरावीच्या खिडकीवर बोर्डाची मार्कशीट लागते. तिकडचा नमुना उचलून इकडे विकणाऱ्याने निदान एवढं तरी सांगायला नको?

कंपनीचं ते 'आंतरराष्ट्रीय मान्यतेचं' प्रमाणपत्रही असंच. सोनेरी शिक्का, जाड कागद. मी ते एका मुख्याध्यापकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद उलटा करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, "बाई, यावर यूडायस नंबर कुठंय?" मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस कोड असतो, महाराष्ट्रातल्या शाळेचा २७ ने सुरू होतो. या कागदावर कुठलाच आकडा नव्हता. कुणाची मान्यता, कुठल्या मंडळाची, त्याचंही नाव नव्हतं.

त्याच मुख्याध्यापकांनी वाट दाखवली. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरचं जे मूल शाळेत नाही, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचाही हक्क असतो. पण हा कायदा सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. लेक तेरा वर्षांची होती म्हणून आठवीत बसली. आम्ही 'दिवाळीनंतर, दिवाळीनंतर' ऐकत आणखी वर्ष काढलं असतं तर नववीच्या दाराशी आठवीची गुणपत्रिका मागितली असती, आणि ती आमच्याकडे नसती. कंपनीच्या टोलवाटोलवीत पैशापेक्षा हा धोका मोठा होता.

शाळेत गेल्यावर कुठे काय राहिलंय ते दिसलं. वाचन, इंग्रजी झकास. समांतर रेषा व छेदिका आणि विस्तार सूत्रं या धड्यांना मात्र ती पार अडली, कारण खालचा पायाच घातलेला नव्हता. आणि मराठी! त्या खोक्यांत मराठीचा एक कागद नव्हता. घरात मराठी, कारखान्यातल्या बायकांशी तेलुगू, शेजारी कन्नड बोलणारी पोरगी, पण मराठी निबंध लिहायला बसली की पहिल्या ओळीवर अर्धा तास. राज्यात २०२० च्या कायद्याने शाळांना मराठी सक्तीची झाली आहे. घरी शिकवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, कारण विकणाऱ्याकडे तो विषय विकायला नसतो.

ज्यांना आठवीनंतरही घरीच शिकवायचंय त्यांच्यासाठी रस्ता आहे, आणि तो या खोक्यांच्या मानाने फुकटात पडतो. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मोफत आहेत, एनसीईआरटीचीही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, कमीत कमी पाच विषय, आणि एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. त्यांचं साहित्यही त्यांच्या संकेतस्थळावर आहे. राज्य मंडळाची परीक्षा खाजगी विद्यार्थी म्हणून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म, त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तो जपून ठेवा. आधी शेवटची परीक्षा कुठली ते ठरवा, मग तिच्या पुस्तकांवरून खाली उतरत या. विकणारे बरोबर उलटं करायला लावतात.

पैशाचं म्हणाल तर रागाने बँकेतून हप्ता बंद करू नका. कर्ज फायनान्स कंपनीचं आहे, हप्ता चुकला की सिबिल तुमचं बिघडतं, अभ्यासक्रमवाल्याचं नाही. आमच्यासारख्या धंदेवाल्याला पुढे कापडासाठी कर्ज लागतं, म्हणून आम्ही दात-ओठ खात भरतोय. फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार दिली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केल्यावर कंपनीने पहिल्यांदाच लेखी उत्तर दिलं, आणि त्यात आठवीचं साहित्य 'सध्या तयार नाही' असं स्वतःच कबूल केलं. तो कागद आता जिल्हा ग्राहक आयोगातल्या तक्रारीला जोडलाय. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

सात रस्त्याच्या त्या हॉलमध्ये आणखीही आईबाप बसले होते, त्यातले काही पंढरपूर-बार्शीहून आलेले. एकाच प्रकारे नुकसान झालेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. माहितीपत्रक, करार, हप्त्यांचे मेसेज आणि 'लवकरच येईल' असं सांगणारे व्हॉट्सअॅप, यातलं काहीही डिलीट करू नका. नुकसान झाल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि ज्यांच्या पोरांची सातवी यंदा संपतेय त्यांची ती आता सुरू होईल.