आठ महिने 'बॉक्सर'सोबत

द नॅशनल या अमेरिकन रॉक बँडचा 'बॉक्सर' हा अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा चौथ्या गाण्यावर बंद केला होता. सगळी गाणी एकसारखी वाटली. त्याआधी मी त्यांचा २००५चा 'अ‍ॅलिगेटर' भरपूर ऐकला होता. त्यातल्या 'मिस्टर नोव्हेंबर'मध्ये गायक मॅट बर्निंजर घसा फाटेस्तोवर ओरडतो, तसं काहीतरी इथेही येईल म्हणून मी वाट बघत बसलो. ते येतच नाही. २००७च्या या अल्बममध्ये तो खालच्या पट्टीत, जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखा गातो आणि शेवटपर्यंत तिथेच राहतो.

आता आठ महिने झालेत. आठवड्यातून दोनदा तरी अख्खा ऐकतो. बारा गाणी आहेत, पाऊण तासाच्या आत संपतात.

बदल झाला तो एका रात्री भांडी घासताना. तोवर मी फोनच्या स्पीकरवरच ऐकत होतो. त्या दिवशी भावाचे जुने स्पीकर घरी आले होते, ते ओट्याशेजारी ठेवून पहिलं गाणं लावलं, 'फेक एम्पायर'. सुरुवातीला नुसता पियानो आणि आवाज. पियानो ऐकताना पाय चारावर ठेका धरतो, पण खाली मोजणी तीनची चालू असते. ज्यांनी तबल्यावर चाराच्या जागेत तीन बसवून पाहिलेत त्यांना ही ओढाताण लगेच कळेल. मी साबणाच्या हातानेच ओट्यावर एका हाताने तीन आणि दुसऱ्याने चार मोजायला लागलो. जमेना. नळ बंद केला. एवढ्यात ड्रम आत आले आणि तो सगळा गुंता एकदम चालायला लागला. शेवटी ट्रम्पेट-ट्रॉम्बोन एकमेकांवर चढत जातात, ते मी ओले हात तसेच ठेवून ऐकलं.

तेव्हा समजलं की मी चुकीच्या ठिकाणी कान लावून बसलो होतो. गायक आवाज चढवत नाही, कारण चढ-उताराचं काम ब्रायन डेव्हेंडॉर्फचे ड्रम करतात. 'ब्रेनी' लावा आणि शब्द सोडून फक्त ड्रम ऐका. त्यातली बेचैनी सगळी तिथे आहे. 'स्क्वॉलर व्हिक्टोरिया'मध्ये तर ड्रमच गाणं ओढत नेतात, व्हायोलिन आणि पियानो त्यांच्यामागून येतात. फोनच्या स्पीकरवर हा खालचा थर उडून जातो आणि उरतो तो एक पुटपुटणारा माणूस. ज्यांना हा अल्बम कंटाळवाणा वाटला, त्यांना माझी एकच कळकळीची विनंती आहे: बरे हेडफोन घ्या आणि आवाज थोडा वाढवा.

शब्द त्याहून उशिरा उलगडले. ही तिशीतल्या नोकरदार माणसांची गाणी आहेत. बँड मूळचा सिनसिनाटीचा, पण तोवर ब्रुकलिनमध्ये स्थिरावला होता. 'स्लो शो'मधला माणूस पार्टीत अवघडून उभा आहे, कुठे टेकावं ते त्याला कळत नाही, त्याला फक्त घरी जाऊन आपल्या माणसाला हसवायचंय. मग गाणं मध्येच वळतं, पियानो पुढे येतो आणि सुरू होतात त्यांच्याच २००१च्या पहिल्या अल्बममधल्या '२९ इयर्स'च्या ओळी. हे मला चौथ्या महिन्यात कळलं. जुन्या अल्बममध्ये त्या ओळी एकट्या, उदास पडल्यात. इथे त्यांना ऐकणारं कुणीतरी मिळालंय. त्या दिवशी मी ते गाणं सलग पाच वेळा लावलं.

'फेक एम्पायर'चा शब्दांविना भाग ओबामांच्या २००८च्या प्रचाराच्या व्हिडिओत वापरला होता. चाल उमेद देणारी आहे, हे खरंच. शब्द मात्र अर्धवट झोपेत, बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून जगणाऱ्यांचे आहेत. दोन्ही एकाच गाण्यात मावतं, म्हणून मला ते इतकं मोठं वाटतं.

सगळंच आवडलंय असं नाही. 'गेस्ट रूम' आजही माझ्या कानावरून निघून जातं. 'स्टार्ट अ वॉर' सुंदर आहे, पण 'अपार्टमेंट स्टोरी'च्या धावत्या ठेक्यानंतर लगेच आल्यामुळे वेग एकदम बसतो. 'एडा'मध्ये पियानोवर गायक-गीतकार सुफयान स्टीव्हन्स आहेत. ते माहीत नसतानाही त्या गाण्यापाशी मी दर वेळी थबकायचो.

मुखपृष्ठावरचा काळा-पांढरा फोटो मला आधी एखाद्या जुन्या नाचघरातला वाटायचा. तो त्यांचा निर्माता पीटर केटिसच्या लग्नातला आहे. मंचावर बँड वाजवतोय आणि पाहुणे आपापल्या नादात आहेत. हल्ली गाणं सुरू करण्याआधी मी तो फोटो क्षणभर बघतो, मग 'फेक एम्पायर' लावतो. तीन आणि चार दोन्ही हातांनी मोजणं आता जमतं, ड्रम येईपर्यंत तरी.