सायकल जंगलात चालवायची की जंगलापर्यंत? नाशिकच्या ग्रुपसाठी तीन पर्याय

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच विषय निघतो: यंदा सगळे मिळून सायकलने जंगलात जाऊ. पहिल्या तासात पंचवीस अंगठे येतात आणि आठवडाभरात अकरा जण उरतात. त्यात सर्वांत लहान चौदा वर्षांचा आणि सर्वांत मोठे एकसष्ट वर्षांचे, नुकतेच निवृत्त झालेले काका. तुमचाही ग्रुप असाच भेळमिसळ असेल, तर पुढचं वाचा. रोज गंगापूर रोडने पन्नास किलोमीटर मारून ऑफिसला वेळेवर पोचणाऱ्यांना याची गरज नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून या गावात सायकलवाल्यांची कमी नाही. पण सगळ्यांचे गुडघे महाजनांचे नसतात.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘नॅशनल पार्कात सायकलिंग’ म्हणून ग्रुपवर जे फोटो फिरतात, ते बहुतेक परदेशातले. नाशिक जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाहीच. राज्यात जी सहा आहेत, त्यांतल्या ताडोबासारख्या ठिकाणी वाघ बघायचा तर गेटवरून जिप्सीतच बसावं लागतं. तिथे सायकल नेण्याचा विषय काढला तर गेटवरचा माणूस आधी हसेल. सायकलला मोकळीक असलेलं राष्ट्रीय उद्यान म्हणजे आपल्याला सोयीचं बोरिवलीचं. आपल्या जवळपास आहेत ती अभयारण्यं. तिथे आत गावं आहेत, गावांना रस्ते आहेत आणि त्या रस्त्यांवरून एसटीही जाते आणि आपणही जाऊ शकतो. म्हणून नाशिककरांपुढे खरे पर्याय तीनच: नांदूरमधमेश्वर, भंडारदरा आणि बोरिवली. तिन्ही मी ग्रुपबरोबर केले आहेत, भंडारदरा दोनदा.

निवडताना लोक अंतर विचारतात. मी विचारतो, त्या अंतरातलं जंगलात किती?

नांदूरमधमेश्वर सर्वांत सोपं. छत्रपती संभाजीनगर रस्त्याने निघायचं, चांदोरीला सायखेड्याकडे वळायचं आणि आतल्या रस्त्यांनी चापडगाव गाठायचं. एका बाजूने साधारण चाळीस किलोमीटर, सगळं सपाट. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा इंग्रजांच्या काळातला. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना आयतं घर मिळालं. जानेवारी 2020 मध्ये ही जागा पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिलीच. डिसेंबर ते फेब्रुवारीत चक्रवाक, थापट्या, चमचा, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या असे थवेच्या थवे असतात. नशीब असलं तर क्रौंच आणि रोहितही.

पण हिशेब बघा. अभयारण्यात पोचलात की सायकल स्टँडला लावायची आणि बांधावरून पायी चालायचं. सगळं सायकलिंग द्राक्षबागा आणि उसाच्या फडांमधून होतं, जंगलात नाही. मला स्वतःला तो रस्ता आवडतो, पण ‘जंगल कुठंय?’ असं कोणी विचारलं तर उत्तर नसतं. शिवाय पक्षी बघायचे तर सातच्या आत पोचावं लागतं, म्हणजे चार-साडेचारला निघणं आलं. निफाडची थंडी काय चीज आहे हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. ती ब्रेकच्या दांडीवर बोटं ठेवून अनुभवली की कळते. मी साधे सुती मोजे हातात घालून गेलो होतो. चांदोरीला चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसलो, तरी पाच मिनिटं बोटं मिटत नव्हती. अंधारात उसाच्या ट्रॉल्या असतात, कित्येकांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तेव्हा मुलं बरोबर असतील तर उजाडल्यावर निघा आणि थोडे पक्षी कमी दिसले तरी चालवून घ्या. आणि भडक जर्सी नको. पक्ष्यांना सायकल खपते. पोपटी रंग आणि अकरा जणांची बडबड खपत नाही.

बोरिवलीबद्दल पटकन सांगतो. सायकली घरीच ठेवायच्या. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडायची, दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या लोकलने बोरिवली. उद्यानाच्या गेटपाशी भाड्याने सायकली मिळतात. पैसे द्यायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि सीट वर-खाली होते का तेही. मला मिळालेली सीट गंजून एका जागी बसली होती आणि गुडघे हनुवटीला लागत होते. आत कान्हेरीपर्यंत पाच-सहा किलोमीटर, शेवटी चढ. पांडवलेणीच्या चोवीस लेण्या बघून मोठे झालेल्या माणसाला कान्हेरीच्या शंभरावर लेण्या आणि जागोजागी कोरलेल्या पाण्याच्या पोढी बघून थोडं ओशाळायला होतं. रस्ता मात्र खरोखर झाडीतून जातो. बिबटे आहेत, म्हणून घोळक्याने राहायचं आणि ऊन कलायच्या आत बाहेर पडायचं. सोमवारी उद्यान बंद असतं, हे आमच्यातल्या एकाने तिकिटं काढल्यावर सांगितलं.

तोटा असा की सगळा दिवस रेल्वेत जातो. प्रवास सात-आठ तासांचा आणि सायकल जेमतेम बारा किलोमीटर. ज्यांच्याकडे स्वतःची सायकलच नाही किंवा ज्यांना घाटाची धास्ती आहे, त्यांना हे उत्तम. बाकीच्यांना हात कोरडेच राहिल्यासारखं वाटेल.

आता भंडारदरा. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात, पण आपल्याला घोटीवरून घरच्यासारखं. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या जलाशयाभोवती पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरचा गोल रस्ता आहे: शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि परत शेंडी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग, रतनगड यांपैकी कोणी ना कोणी उभंच. म्हणजे चालवलेला जवळजवळ प्रत्येक किलोमीटर अभयारण्यातला. माझ्या प्रश्नाला एवढं सरळ उत्तर देणारी दुसरी जागा नाशिकजवळ मला माहीत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही ती संधी घालवली. ‘नाशिकहूनच सायकलने जायचं, टेम्पो कसला घेताय’ असा माझाच आग्रह. पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी. निम्मं अंतर हायवेवर, कंटेनरच्या वाऱ्याने हँडल हलतंय, धूर खातोय. घोटीला डावीकडे वळल्यावर भाताची खाचरं लागली, समोर कळसूबाई दिसली आणि वाटलं, आता मजा. पण बारीचा चढ आला तोवर एकच वाजला होता. काकांनी सायकल हातात धरली आणि एक शब्द न बोलता चालत राहिले. शिव्या परवडल्या असत्या. सत्तर किलोमीटर संपवून शेंडीला पोचलो तेव्हा कोणाच्या पायात काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जलाशयाच्या फेरीला अकरापैकी चारच निघाले. परत येताना सगळेच पिकअपमध्ये.

दुसऱ्या वर्षी सायकली टेम्पोने थेट शेंडीला नेल्या. नाक्यावर वन विभागाची पावती फाडली आणि नऊ वाजता मुतखेलच्या दिशेने निघालो. रस्ता सारखा वर-खाली होतो. एकही चढ मोठा नाही, पण एकही जागा सपाट नाही. गिअर नसलेल्या सायकलवर करू नका. दुपारी रतनवाडी. तिथलं अमृतेश्वराचं दगडी मंदिर आणि पुष्करणी बघायला तास कमी पडतो. मुक्काम गावातल्याच एका घरी. जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, कारण अकरा माणसांचं पीठ कोणी वाट बघत मळून ठेवत नाही. तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. काकांनी चौथी भाकरी मागितली, तेव्हा घरच्या मावशी म्हणाल्या, “चला, कोणीतरी सायकल चालवलेली दिसतेय.”

रतनवाडी ते साम्रद हा टप्पा या सगळ्याचा जीव. अंजन, हिरडा, जांभूळ यांची गच्च झाडी, मोबाईलला रेंज नाही, सकाळी रस्त्यावर गुराख्यांशिवाय कोणी नाही. आणि नेमकं इथेच माझी सायकल आडवी पडून मागच्या गिअरचा हँगर वाकला. हा अ‍ॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा. मुद्दामच मऊ असतो, म्हणजे फ्रेमऐवजी तो तुटावा. हाताने सरळ करायला गेलो आणि तो तुटला. जास्तीचा नव्हता. मग त्याला लटकणारा, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर काढून तारेने बांधला, चेन-टूलने चेनच्या आठ-दहा कड्या काढल्या आणि एकाच गिअरवर सायकल उभी केली. चौदा वर्षांचा गडी शेजारी उकिडवा बसून खाली पडलेली पिन शोधत होता; ती त्याच्याच चपलेच्या पट्ट्यात सापडली. घाटघरपर्यंतचा प्रत्येक चढ मी चालत चढलो. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे मित्राचा चालत नाही. आपला आपण घेऊन जा.

घाटघरला कोकणकड्यावर थांबा. या गावाला जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात, त्यावरून पावसाळ्यात इथे काय होत असेल ते समजा. तेव्हा रस्त्यावर शेवाळ, धुकं आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग. शिवाय नाशिकहून येताना पश्चिमेचा वारा तोंडावर. मे अखेरीस आणि जूनमध्ये काजव्यांसाठी लोक येतात, तेव्हाही रात्री सायकल काढू नका. गाड्यांच्या दिव्यांनी तुमचे डोळे दिपतात आणि आपल्या दिव्यांनी काजव्यांचं नुकसान होतं ते वेगळंच. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत या. ऑक्टोबरात धबधबे आटलेले असतील, पण सोनकीची थोडी पिवळाई उरलेली सापडते.

माझं मत अर्थात भंडारदऱ्याला, पण टेम्पोसकट आणि दोन दिवस हातात असतील तरच. एकच रविवार असेल तर नांदूर. एक दिवसात भंडारदरा उरकू म्हणणाऱ्याला ग्रुपचा अ‍ॅडमिन करू नका. आणि ज्यांना समृद्धीवरून सायकल नेऊ असं सुचतं, त्यांना सांगा की तिथे मोटारसायकललाही प्रवेश नाही.

टेम्पो ठरवताना चालकाला ‘सायकली आहेत’ एवढंच सांगू नका, किती ते सांगा. छोट्या हत्तीत आमच्या सहाच नीट बसल्या, म्हणून दुसरी खेप नको असेल तर पिकअप घ्या. पॅडल काढायची, हँडल फ्रेमला समांतर वळवायचं, एक सायकल या तोंडाने तर दुसरी त्या तोंडाने, आणि मधे जुनी गोधडी. डिरेलरची बाजू कायम वर किंवा बाहेर. पॅडल गोळा करून एकाच्याच पिशवीत ठेवू नका. आमची बावीस पॅडल ज्याच्या पिशवीत होती तो घोटीला वडापाव घ्यायला उतरला होता आणि टेम्पो पुढे गेला होता.