समुद्रफुलासाठी घेतलेला चिलर : वर्षभराच्या वापरानंतर

चिलर, म्हणजे टाकीतलं पाणी गार ठेवणारं यंत्र, काल वर्कशॉपमधून परत आला. राग अजून ताजा आहे तोवर लिहून टाकते, नंतर उगाच समजूतदारपणे लिहीन. टाकी खाऱ्या पाण्याची, दोनशे लिटरची, त्यात समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), चिलर एक दशांश एचपीचा, घर ठाण्यात. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या गोष्टीवर माझा राग आहे ती मी दुकानात दुसऱ्या चिलरवरही पाहिली.

आधी पंख्यावर भागवून पाहिलं. कोरड्या हवेत, म्हणजे नागपूर-नाशिककडे, टाकीवर पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. ठाण्यात मे महिन्यात हवाच इतकी दमट की पाणी उडायला तयार नाही. आणि जेवढं उडतं त्यातलं मीठ टाकीतच राहतं, म्हणजे रोज आरओचं पाणी भरत बसा, नाहीतर १.०२५ विशिष्ट गुरुत्वावर ठेवलेला खारटपणा चढत जातो. माशांनी कदाचित चालवून घेतलं असतं. माझं समुद्रफूल बबल टिप जातीचं, ते चालवून घेत नाही. त्याच्या अंगात राहणारी शैवालं उजेडावर अन्न बनवून त्याला पोसतात. पाणी तापलं की ते तीच शैवालं बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपाशी राहतं.

पहिले काही महिने मी चिलरवर खूश होते. २६ वर लावला, २७ झालं की चालू, २६ ला बंद, तक्रारीला जागा नाही. आवाज जुन्या फ्रिजइतका. वीजबिल मात्र ३०० युनिटांच्या पुढच्या टप्प्यात गेलं आणि तिथला दर बघून मी इस्त्रीचे कपडे बाहेर द्यायचं बंद केलं. शिवाय चिलर पाण्यातली उष्णता काढतो ती हॉलमध्येच ओततो. सासूबाई म्हणाल्या, "त्या फुलाला गारवा आणि आम्हाला झळा." खोटं नव्हतं.

आता जाळी. चिलरची उष्णता बाहेर टाकणारा भाग म्हणजे कंडेन्सर, त्याच्यासमोर धूळ अडवणारी जाळी असते. पुस्तिकेत लिहिलंय, दर पंधरा दिवसांनी साफ करा. उत्तम. पण ही जाळी चिलरच्या मागच्या बाजूला आहे आणि चार स्क्रूंनी बसवलेली आहे. म्हणजे पाइप न ओढता चिलर पुढे घ्यायचा, जमिनीवर आडवं पडायचं, चार स्क्रू काढायचे, ते हरवू नयेत म्हणून वाटीत ठेवायचे. खाऱ्या पाण्याच्या टाकीखाली लोखंडी स्क्रूचं जे व्हायचं तेच झालं. डावीकडचा खालचा गंजला आणि त्याची खाचच झिजून गेली, मग जाळी निघेना आणि धूळ साचत गेली. पंचवीस हजारांच्या वर किंमत घेता, मग खिडकीच्या एसीसारखी सरकवून काढायची जाळी द्यायला काय झालं? प्लास्टिकच्या दोन खाचा. खर्च किती येईल, दहा रुपये?

व्हायचं ते ऐन एप्रिलमध्ये झालं. कंप्रेसर तापून ट्रिप व्हायला लागला, सकाळी आकडा २९.८. लाइट बंद केले, आरओच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून टाकीत आलटून पालटून सोडल्या, हॉलचा एसी रात्रभर. समुद्रफूल मुठीएवढं आक्रसलं होतं. तोंड सैल उघडं, आणि त्यातून तपकिरी धागे बाहेर येत होते. ती शैवालंच.

सर्व्हिसवाला आला तो बऱ्याच फोनांनंतर. आधी गॅस गेलाय म्हणाला, मग चिलर घेऊन गेला. वर्कशॉपच्या बिलावर काय, तर "कंडेन्सर क्लीनिंग" आणि व्हिजिट चार्ज. वॉरंटी दोन वर्षांची, तरी पैसे.

"मॅडम, धूळ वॉरंटीत येत नाही."

"मग ती निघेल अशी जाळी तरी द्या."

"ते डिझाइन कंपनीचं आहे."

भांडून व्हिजिट चार्ज तेवढा माफ करून घेतला. स्क्रू मात्र जुनेच परत आले, गंजलेल्यासकट.

एक मान्य करायला हवं. आत काहीच बिघडलं नव्हतं. उन्हाळाभर धुळीने गुदमरूनही कंप्रेसर शाबूत राहिला, म्हणजे यंत्र मजबूत आहे. वर्कशॉपमध्ये असताना मी "घेऊ नका" असं लिहायचं ठरवलं होतं, ते मागे घेते.

चिलर वर्कशॉपमध्ये असतानाच समुद्रफूल दोन झालं. बबल टिप असं स्वतःला फाडून घेतं, कधी भरपेट असलं की, कधी जिवावर बेतलं की. दुकानदाराने अभिनंदन केलं, मला मात्र ते हाय खाल्ल्यासारखं वाटलं. पण दोन्ही तुकड्यांनी पाय रोवला. आता कोळंबीचा शेंगदाण्याएवढा तुकडा दिला की दोघांच्या भुजा चिकटतात. आठवड्यातून एकदा, बस. मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी तसाच ओकतात. धाकटं फिरतं फार, म्हणून वेव्हमेकरवर, म्हणजे टाकीत लाटा उठवणाऱ्या पंपावर, स्पंज चढवलाय, त्यात ओढलं जाऊ नये म्हणून.

बाय द वे, १८२८ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन डॅलियल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेलं एक समुद्रफूल काचेच्या भांड्यात १८८७ पर्यंत जगलं. चिलर नाही, बिल नाही. अर्थात ते भरती-ओहोटीच्या खडकावरचं चिवट जातीचं होतं, आणि एडिंबरामध्ये कोणाला पाणी गार करावं लागतं!

घेणार असाल तर दुकानात वॅट आणि लिटर नंतर विचारा, आधी जाळी काढून दाखवायला सांगा. मी स्क्रू फेकून जाळी दोन वेल्क्रोच्या पट्ट्यांवर बसवली आहे, वॉरंटीचं काय व्हायचं ते होवो. आणि ते धाकटं समुद्रफूल द्यायचं आहे, फुकट. टाकी किमान सहा महिने जुनी हवी, आणि चिलर दाखवावा लागेल.