वसईतील कायदा सल्ला केंद्र : तक्रार नीट तपासून घेणारी एक सेवा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, एका चर्चच्या आवारातील सभागृहामागच्या खोलीत, आठवड्यातून दोन संध्याकाळी कायदेविषयक सल्ला केंद्र चालते. वसई न्यायालयात वकिली करणारे काही वकील तेथे एक पैसाही न घेता बसतात आणि आलेल्या माणसाची पहिली विचारपूस एक निवृत्त मुख्याध्यापिका करतात. त्यांना सगळे बाईच म्हणतात. केंद्राच्या मंडळींना प्रसिद्धी नको असल्यामुळे नाव देत नाही, पण आमच्या भागात कोणालाही विचारले तरी पत्ता मिळेल. ख्रिस्ती माणसांच्या धर्मविषयक तक्रारींसाठी ही सेवा सुरू झाली असली तरी दार सर्वांना उघडे आहे. मी गेलो तेव्हा बाकावर माझ्याआधी तुळशीची माळ घातलेले एक गृहस्थ भाडेकराराचा कागद घेऊन बसले होते आणि त्यांचे काम तितक्याच आस्थेने झाले.

स्वतंत्र, धर्मनिरपेक्ष लोकशाहीत ख्रिस्ती माणसाचा खरोखर छळ होतो काय, या प्रश्नावर आमच्याकडे दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. राज्यघटना आहे, न्यायालये आहेत, नाताळची सुट्टी आहे, मग तक्रार कसली, असे एक म्हणतो. दुसरा मोबाइलवर आलेली प्रत्येक चित्रफीत पुढे पाठवतो आणि आता आपले काही खरे नाही असे सांगत सुटतो. या केंद्रात दोघांनाही आधी बसवून लिहायला लावतात, आणि माझ्या मते हाच या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे.

बाई अर्जदाराच्या हातात फुलस्केप कागद देतात. ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ हे वाक्य त्या ठेवू देत नाहीत. त्यावर रेघ मारून त्या दिवस, वेळ, जागा, कोण काय म्हणाले, कोणी पाहिले, हे लिहायला सांगतात. त्यानंतर ठरलेले तीन प्रश्न येतात. तुमच्या जागी दुसऱ्या धर्माचा शेजारी असता तर त्याच्या बाबतीतही हेच घडले असते का? जे घडले ते तुमच्या श्रद्धेमुळे घडले, असे समोरच्याच्या कोणत्या शब्दावरून किंवा कृतीवरून दिसते? आणि तुम्ही पोलिसांकडे किंवा तहसीलदारांकडे गेलात तेव्हा त्यांनी काय केले? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला वकील सर्वाधिक वेळ देतात आणि मला ते अगदी योग्य वाटते. समाजात द्वेष करणारी माणसे कोणत्याही देशात असतात. लोकशाही खरी की नावापुरती, हे मदतीला बोलावलेले सरकार कोणाच्या बाजूला उभे राहते यावरून कळते.

माझे पहिले काम आमच्या आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसाचे होते. रस्ता रुंद करण्यासाठी स्थानिक यंत्रणेने काढलेल्या यादीत तो क्रूस आला होता आणि आळीत सर्वांनी एकच सूर लावला होता की आपल्याला लक्ष्य केले जात आहे. वकिलांनी ती यादी मागवून माझ्यासमोर ठेवली. तिच्यात गावदेवीचे एक देऊळ आणि रस्त्याकडेची दोन छोटी मंदिरेही होती. सार्वजनिक जागेवर नवी धार्मिक बांधकामे होऊ नयेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आणि त्यानंतर जुन्या बांधकामांची वर्गवारी करण्यासाठी राज्य सरकारने २०११ मध्ये काढलेला निर्णय त्यांनी समजावून सांगितला. मग सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा, क्रुसासमोर काढलेली जुनी लग्नाची छायाचित्रे, असे पुरावे जमवायला लावले आणि देवळाच्या विश्वस्तांना आमच्यासोबत सुनावणीला घेऊन जाण्याची सूचना केली. क्रूस काही फूट मागे, खासगी जागेत घेण्याचा तोडगा निघाला. ‘याला छळ म्हणू नका, कारण उद्या खरोखर छळ झालेल्या माणसाला तुमच्यामुळे कोणी विश्वासाने ऐकणार नाही,’ असे वकील आळीतल्या तरुणांना सर्वांदेखत म्हणाले. ते ऐकणे काहींना जड गेले, पण तसे स्पष्ट बोलणारे कोणीतरी हवेच होते.

दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव येथील प्रशासनांनी २०१९ मध्ये गुड फ्रायडेची सुट्टी सक्तीच्या सुट्ट्यांतून काढली तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि सुट्टी परत मिळाली. अवहेलना झाली, दाद मागितली, दाद मिळाली, म्हणून या सल्ला केंद्राच्या कसोटीवर हे प्रकरण छळात बसत नाही.

माझे दुसरे काम मात्र वेगळे होते. माझी थोरली बहीण धर्मभगिनी आहे आणि अनेक वर्षे छत्तीसगडमध्ये दवाखान्याचे काम करते. २५ जुलै २०२५ रोजी दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांच्यासोबतच्या तरुणी नोकरीसाठी स्वेच्छेने निघाल्याचे त्यांच्या घरच्यांनी सांगितले होते. तरी जामीन मिळायला २ ऑगस्ट उजाडला. तेव्हापासून ताईचा फोन लागला नाही की घरात कोणाला घास गोड लागत नसे. रुग्ण मुलींना घेऊन प्रवास करावा लागला तर जवळ काय ठेवावे, हे विचारायला मी गेलो होतो. वकिलांनी यादी करून दिली : प्रत्येक मुलीच्या वयाचा दाखला, पालकांचे सहीचे संमतीपत्र, दवाखान्याचे किंवा नोकरीचे पत्र, निघण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची पोचपावती. शिवाय अटक झाल्यास कारण लेखी मागण्याचा आणि वकिलाला बोलावण्याचा हक्क त्यांनी मराठीत आणि हिंदीत टंकून दिला. सल्ला उत्तम होता. तरीही आपल्याच देशात, गणवेशातल्या धर्मभगिनीने गाडीत बसताना इतके कागद बरोबर बाळगावेत, याचे मला अतोनात दुःख झाले आणि ते मी येथे लपवीत नाही. आमच्या क्रुसाला लावलेला पहिला प्रश्न येथे लावून पाहा. मुलींना घेऊन निघालेल्या दुसऱ्या कोणत्या बाईला हे सोसावे लागले असते?

त्याच संध्याकाळी वकिलांनी छत्तीसगडमधल्याच बस्तरचे प्रकरण सविस्तर सांगितले, आणि ते प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे. छिंदवाडा नावाच्या गावातील एका ख्रिस्ती गृहस्थांचे ७ जानेवारी २०२५ रोजी निधन झाले. त्यांच्या मुलाला वडिलांचे दफन गावातच करायचे होते. गावकऱ्यांनी विरोध केला. कायदा व सुव्यवस्था बिघडेल, अशी भूमिका सरकारने न्यायालयात घेतली. मुलगा उच्च न्यायालयात गेला, तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि या सगळ्या काळात वडिलांचा देह शवागारात पडून होता. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचे मतभिन्नतेचे निकाल आले. कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफन व्हावे, असे न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत पडले. न्यायमूर्ती शर्मा यांनी ते मानले नाही. देह आणखी अडकून राहू नये म्हणून सुमारे २० ते २५ किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत, पोलीस बंदोबस्तात अंत्यविधी करण्याचा आदेश निघाला. येथे मतदान होते, न्यायालय होते, वकीलही मिळाला होता. तरीही एका माणसाला स्वतःच्या गावात मूठभर माती मिळाली नाही. बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे याहून ठळक उत्तर मला माहीत नाही.

उत्तर प्रदेशच्या धर्मांतरविरोधी कायद्याची माहितीही केंद्रात मिळते. २०२१ च्या या कायद्यात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, काही गुन्ह्यांसाठी शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली आणि कोणीही तक्रार करू शकेल अशी सोय झाली. म्हणजे ज्याचे धर्मांतर झाले असे म्हणायचे, त्याची तक्रार असण्याची गरज उरली नाही. फतेहपूर येथील एप्रिल २०२२ च्या कथित सामूहिक धर्मांतरावरून नोंदवलेले अनेक गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द केले. आरोपींना न्याय मिळाला हे खरे, पण त्याआधी तीन वर्षांहून अधिक काळ डोक्यावर खटल्याची टांगती तलवार होती. श्रद्धेचा प्रसार करण्याचा हक्क देणारे घटनेचे २५ वे कलम आणि त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा स्टॅनिस्लॉस निकाल, हे दोन्ही वकील अर्जदाराला सारख्याच स्पष्टपणे सांगतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच कायद्याच्या विचारासाठी समिती नेमली, तेव्हापासून केंद्रात येणाऱ्यांची संख्या वाढल्याचे बाई सांगतात.

आकड्यांबाबतही येथे काळजी घेतली जाते. युनायटेड ख्रिश्चन फोरम या ख्रिस्ती संघटनेच्या नोंदींनुसार ख्रिस्ती लोकांवरील हल्ल्यांच्या घटना २०१४ मध्ये १२७ होत्या आणि २०२४ मध्ये ८३४. या नोंदी मदतवाहिनीवर आलेल्या दूरध्वनींवरून घेतलेल्या आहेत, पोलिसांच्या नाहीत, आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अशा दाव्यांना आक्षेप घेतला होता, हे भिंतीवरील तक्त्यात आकड्यांखालीच लिहिलेले आहे. मणिपूरमधील २०२३ चा हिंसाचार त्या तक्त्यात वेगळा ठेवला आहे. तेथे शेकडो चर्च उद्ध्वस्त झाली तरी मूळ संघर्ष वांशिक समुदायांमधला आहे आणि मंदिरेही जळाली आहेत. ओडिशातील कंधमालमध्ये २००८ साली झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या हत्याकांडापुढे मात्र कोणतीही टीप नाही, आणि ती नसावीच.

खोलीत संत गोन्सालो गार्सिया यांचे चित्र आहे. वसईच्या या सुपुत्राला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे इतर २५ जणांसह वधस्तंभावर मारण्यात आले. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘छळ असा असतो, तुमचे ते काय’ असे म्हणणारे आमच्यातही आहेत. मला हा युक्तिवाद मान्य नाही. तेथील सत्ताधीशाने कोणाला अभय दिलेले नव्हते; आपल्या घटनेने ते लेखी दिले आहे. त्याच वेळी, याच किनाऱ्यावर पोर्तुगीज सत्तेने धर्मासाठी बळजबरी केली आणि गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय चालवले, हेही आम्ही ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. धर्मांतर म्हटले की शेजाऱ्यांच्या मनात जी शंका येते, तिला या इतिहासाचा आधार आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले तेव्हा विरोध झाला, पण जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ते संमेलन पार पडले. आपल्या महाराष्ट्राचे हे दोन्ही चेहरे मला ठाऊक आहेत आणि त्यातला दुसरा मला अधिक खरा वाटतो.

तरी कोकणात सारे आलबेल आहे, असे हे केंद्र म्हणू देत नाही. मी तेथे बसलो असताना डहाणूकडच्या एका पाड्यावरचे वारली कुटुंब आले होते. प्रार्थनेला जाऊ लागल्यापासून जमातीने त्यांना वाळीत टाकले होते. विहिरीवर हंडा लावू देत नव्हते आणि धाकट्या मुलीच्या हळदीला कोणी फिरकले नव्हते. पोलीस ठाण्यात तोंडी समजूत घालून त्यांना परत पाठवले गेले होते. आमच्या क्रुसावर कठोर बोललेले तेच वकील येथे क्षणभरही घुटमळले नाहीत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांनी त्या बापाला दोनदा समजावले आणि गुन्हा नोंदवून घेतला जात नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवण्याची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मधील तरतूद वापरून अर्ज तिथल्या तिथे तयार केला. पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही, असे बाईंनी त्या मुलीच्या आईला बजावले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दोन संध्याकाळी फार कमी पडतात आणि आधी वेळ ठरवून घेण्याची सोय नाही, त्यामुळे लांबून आलेल्यांची शेवटची लोकल किंवा एसटी चुकते. महिला वकील दोन्ही दिवस नसतात. पाड्यांवरच्या बायका पुरुषासमोर मोकळेपणी बोलत नाहीत, म्हणून ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. केंद्र कॅथलिक चर्चच्या आवारात असल्याने छोट्या प्रार्थनामंडळ्यांतील लोक आत यायला कचरतात, आणि आज हल्ल्यांची सर्वाधिक झळ त्यांनाच बसते. दलित ख्रिस्ती तरुणांना १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे अनुसूचित जातींचे आरक्षण मिळत नाही, या प्रश्नावर तेथे केवळ माहितीपत्रक मिळते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्यावर आयोग नेमला आहे, एवढ्यावर बोळवण करणे बरे नाही. पालघरच्या न्यायालयापर्यंत खटला गेला तर पुढची व्यवस्था ज्याची त्याने करायची आहे. केंद्रात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलासाठीचा अर्ज भरून देतात, तो मात्र जरूर मागावा.

जाताना आधार कार्ड, घटनेसंबंधीचे सर्व कागद, मोबाइलमधील चित्रफितीची मूळ प्रत आणि शक्य असल्यास एक साक्षीदार सोबत न्यावा. झेरॉक्सचे पैसे तेवढे आपले आपण द्यावे लागतात. पाच वाजता दार उघडते. साडेचारला पोहोचल्यास बाईंशी शांतपणे बोलता येते.