शाळेची जुनी जनरल रजिस्टरं बांधून घेतली, त्याचा अनुभव

कुर्डुवाडीच्या ज्या मराठी शाळेतून मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, तिथली तीन जुनी जनरल रजिस्टरं (मुलांच्या दाखल होण्याच्या आणि शाळा सोडण्याच्या नोंदवह्या) सोलापूरच्या एका बाईंडरकडून बांधून घेतली. जुनं दप्तर सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी मुद्दाम लिहितोय.

तिन्हींवर शाळा चालवणाऱ्या संस्थेचे शिक्के वेगवेगळे. पहिल्यावर डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड, दुसऱ्यावर स्कूल बोर्ड, तिसऱ्यावर १९६२ नंतरची जिल्हा परिषद. आत मात्र सगळी रेल्वेच. बार्शी लाइट ही कुर्डुवाडीवरून जाणारी अरुंद रुळांची रेल्वे १८९७ ला सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज गाठलं. 'पूर्वीची शाळा' या रकान्यात हीच गावं सापडतात. 'शाळा सोडण्याचे कारण' बघावं तर पानामागून पान 'वडिलांची बदली'. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या एका फायरमनचा मुलगा चार वर्षांत तीनदा दाखल झालाय, दर वेळी नवा नंबर. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, सरकारी कारभार उर्दूत. तिकडून आलेल्या एका पोरासमोर समासात बारीक शेरा आहे : 'मराठी कच्चे. सायंकाळी घरी बोलावणे.' त्या मास्तरांचं नाव कुठंच नाही. मी हे पान कितीदा वाचलं असेल!

असे शेरे शाबूत राहिले ते या बाईंडरमुळे. आधी दुसऱ्या एका ठिकाणी एक रजिस्टर दिलं होतं. त्यांनी कडा मशीनवर कापल्या आणि पंधरा-वीस पानांवरचे शेरे अर्धे गेले. तो सल अजून आहे. यांनी पान उलटून बघितलं आणि म्हणाले, "सर, कड कापायची नाही. कडेलाच तर लिहिलंय." जुना सेलोटेप दोन दिवस खपून सोडवला, फाटक्या पानांना मागून पातळ कागद लावला, खळीत मोरचूद घातलं म्हणजे कसर लागत नाही. शिवण हाताची, पाठीला जाड कापड. तिन्हींचे अठराशे रुपये घेतले. आठवडाभर उशीर झाला, पण घाई करून देण्यासारखं हे काम नव्हेच. फक्त पुठ्ठ्यावरची अक्षरं जरा मोठी हवी होती.

परवा मिरजेहून एक आजोबा वडिलांची नोंद बघायला आले. रजिस्टर सपाट उघडलं, एकही पान सुटलं नाही. त्या ओळीवर बोट ठेवून ते बराच वेळ बसून राहिले.