जुना सेटटॉप बॉक्स घेता? आत सप्लायवाला की अ‍ॅडाप्टरवाला, आधी हे पाहा

फ्री डिशसाठी रिफर्बिश्ड (दुरुस्त करून विकायला ठेवलेला जुना) बॉक्स पाहायला गेलं की दोन जातीचे भेटतात, एकाची काळी वायर सरळ डब्यात जाते म्हणजे सप्लाय (घरच्या विजेचे कमी व्होल्ट करून बॉक्सला देणारा भाग) आतच, अन् दुसऱ्याला बाहेर १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर. दुकानदार दोन्ही सारखेच म्हणते. आमच्या दारव्ह्याकडच्या लाईनीवर मी दोन्ही वापरून पाहिले, सारखे बिलकुल नाहीत.

आतल्या सप्लायवाल्याचं पहिलं दुखणं म्हणजे कंडेन्सर (कपॅसिटर), वीज साठवून व्होल्टेज एकसारखं ठेवणारा छोटा पार्ट. मे महिन्यात टिनाच्या खाली, टीव्हीच्या मागे कोंबलेला डबा, बाहेरच ४४-४५ डिग्री, आत सप्लायची स्वतःची गरमी वेगळी, मग ५ व्होल्टच्या लाईनवरचा १००० मायक्रोफॅरडचा (हे त्याच्या क्षमतेचं माप) कंडेन्सर डोक्यावर फुगणार नाही तं काय होईल. फुगला तं डोळ्याला दिसते, पण कधीकधी नुसता सुकते अन् वरून चांगला दिसते, त्याची ओळख हिवाळ्यात पटते: सकाळी लाल लाईट लागते पण बॉक्स सुरू होत नाही, दहा-पंधरा मिनिटं तसाच लावून ठेवला की मग होते. असं दिसलं की समजायचं कंडेन्सर गेला. बदलणं स्वस्त आहे पण ८५ डिग्रीवाला टाकला की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच, १०५ डिग्रीवालाच मागा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढेच नाहीतर जास्त. ढोबळ हिशोब असा की दर १० डिग्री गरमी कमी झाली की कंडेन्सर दुप्पट टिकते, म्हणून डब्याच्या वर टॉवेल अन् देवाचा फोटो ठेवणं बंद करा बाप्पा. अन् घरी खोलणाऱ्यांनो, प्लग काढल्यावरबी मोठ्या कंडेन्सरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट काही वेळ राहू शकते, हात घालू नका.

पालीचं तर विचारूच नका. माझ्या एका डब्यात जळलेली पाल निघाली, फ्यूज अन् मॉस्फेट (सप्लायमधला स्विचसारखा पार्ट) दोन्ही घेऊन गेली.

अ‍ॅडाप्टरवाल्यात गरमी बाहेर राहते, अन् व्होल्टेज वरखाली झालं तं बहुतेक वेळा अ‍ॅडाप्टरच मरते, बॉक्स वाचते, नवीन अ‍ॅडाप्टर आणला की काम सुरू. लाईन गेली तं फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरबी चालते, मी कापसाच्या टाईमला शेतातल्या खोलीत असंच चालवतो, फक्त टीव्हीबी १२ चा लागते, पिनचं प्लस-मायनस नीट पाहा अन् बॅटरी चार्जिंगला असताना लावू नका. पण याचंबी दुखणं आहे, मागचा जॅक. लेकरांनी वायर ओढली की बोर्डावरचं सोल्डर तडकते, मग पिन हलवली की चालू, सोडली की बंद. दुसरं, काही बॉक्स ५ व्होल्टचे असतात, त्याले १२ चा लावला की खेळ खतम. अन् स्वस्त अ‍ॅडाप्टरवर २ अँपिअर लिहिलेलं असते, देत असते अर्धं, त्यामुळं बॉक्स मधातच रिस्टार्ट होते अन् आपण बॉक्सलाच शिव्या देतो.

आता खरी गोष्ट ऐका, दोन्ही जातीत. माझा आतल्या सप्लायवाला डबा पावसाळ्यात तीनदा रिपेरला गेला, दोनदा आयसी (चिप) बदलली, पैसे गेले, घरी आणून छत्रीची केबल लावली की पुन्हा लाईट लुकलुक. तिसऱ्यांदा एक म्हातारे मेकॅनिक म्हणाले, "काहून रे भाऊ, केबल काढून पाह्यलं का?" केबल काढली, डबा मस्त चालू. वर छतावर एलएनबीच्या (छत्रीसमोरची सिग्नल पकडणारी डबी) पिनमध्ये पाणी शिरून तांब्याची तार हिरवी झाली होती, तिथंच शॉर्ट. बॉक्सच एलएनबीला १३ नाहीतर १८ व्होल्ट पाठवते ना, मग वर शॉर्ट झाला की खाली सप्लाय गळफास घेतल्यासारखी तडफडते. म्हणून कोणताही डबा नेण्याआधी केबल काढून चालवा. केबल काढूनबी रिस्टार्ट होत असेल तं सप्लाय, नाहीतर बहुतेक वेळा वरचं काम. उलटं, डबा चालू पण सिग्नल शून्य असेल तं डब्याच्या केबलच्या छिद्रात व्होल्ट मोजायचं मीटर लावा, १३-१८ काहीच नाही आलं तं बहुतेक डब्याचा एलएनबी सेक्शन (एलएनबीला व्होल्ट देणारा भाग) गेला, तो रिफर्बिश्डमध्ये पुन्हा जाते, अशा डब्यावर खर्च करू नका. विजेचा कडकडाट असला की प्लगसोबत केबलबी काढायची, केबलवाटे आलेला झटका ट्यूनर (सिग्नल घेणारा भाग) खाते अन् त्यात जात पाहत नाही.

तं निवड कशी करायची? लाईन धड नाही, दुरुस्तीवाला तालुक्यालाच असेल, तं अ‍ॅडाप्टरवालाच घ्या. घरी आधीच आतल्या सप्लायवाला आहे, फक्त कंडेन्सर गेला, तं तोच रिपेर करा, दुसरा जुना घेण्यात अर्थ नाही. नुसता एमपेग-२ वाला (चॅनेल पाठवायची जुनी पद्धत, एमपेग-४ ही नवी) कोणी गळ्यात मारत असेल तं जात कोणतीबी असो, घेऊ नका, फ्री डिशवरचे एमपेग-४ चॅनेल त्यात दिसत नाहीत. घेताना स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे किती आहेत ते पाहा, म्हणजे आधी किती खोलला ते समजते, अन् दुकानातच एक तास केबल लावून चालवायला सांगा, चहा पिऊन येतो म्हणा.